शनिवार, अठरा पूर्ण झालेल्यांचा

सकाळी ६

शनिवारी पहिला फोन ठरलेला असतो, काष्टीकडच्या एका आईचा. "मॅडम, आज बाजार हाय, गाडीला गर्दी असंल. ह्यो कवाचा उठून बसलाय, कंच्या गाडीनं जायचं इचारतोय." शनिवारी काष्टीला जनावरांचा बाजार भरतो. पिकअप, टेम्पो, व्यापारी, दावणीला बांधलेली जनावरं यांनी रस्ता असा गच्च होतो की एसटी कधी निघेल आणि कधी पोचेल याचा नेम नसतो. म्हणून त्याचं शनिवारचं वेळापत्रक वेगळं आहे, नेहमीच्या आधीची गाडी. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर कार्डावर लिहून चिकटवलं आहे. आई विसरते, मुलगा विसरत नाही. त्याला फक्त कुणीतरी 'बरोबर' म्हणायला हवं असतं. "त्याला कार्ड वाचायला सांगा आणि वाचून झालं की बरोबर आहे म्हणा," असं सांगून मी फोन ठेवते.

मुलगा बावीस वर्षांचा आहे. ऑटिझम, मराठीत स्वमग्नता. बोलतो कमी, पण नेमकं. लिंबाच्या वखारीत कामाला जातो.

मी गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक आहे, कंत्राटी. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेत आमच्याकडे पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंतची दिव्यांग मुलं येतात. बारावी सरली की नाव यादीतून निघतं, मूल घरीच असतं. दर जूनमध्ये एखाद्या मंगल कार्यालयात 'दहावी-बारावीनंतर काय?' म्हणून व्याख्यान होतं. नीट, सीईटी, पोलीस भरती, सगळ्यावर बोललं जातं. आमच्या पोरांचे आईबाप मागच्या खुर्चीवर बसून ऐकतात आणि प्रश्न न विचारताच उठतात. सरकारी कार्यालयांना २०२० पासून शनिवारची सुट्टी आहे. तो दिवस मी अठरा पूर्ण झालेल्यांना देऊन टाकला आहे.

साडेआठ

आमचा श्रीगोंदा तालुका म्हणजे ऊस आणि लिंबू. वखारीत ताडपत्रीवर गोण्या ओतल्या आहेत, हिरव्या-पिवळ्या ढिगाभोवती बायका प्रतवारीला बसल्या आहेत. मोठं, मध्यम, बारीक, डागी वेगळं. हात चालतात, तोंडंही चालतात. आमचा गडी कोपऱ्यात उलट्या क्रेटवर भिंतीकडे तोंड करून बसलेला. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती शिक्षा वाटते. ती त्याने स्वतः मागून घेतलेली जागा आहे. समोर हालचाल नसली की त्याचे हात दुप्पट चालतात.

सुरुवातीला मुकादम मामांनी त्याला सांगितलं होतं, "अंदाजानं मध्यम-मध्यम बाजूला काढ." तो ढिगासमोर हाताची घडी घालून बसून राहिला. मामा म्हणाले, पोरगं आळशी आहे. मग शेठनी तीन लिंबं निवडून ताटलीत ठेवली. हे मोठं, हे मध्यम, हे बारीक. काम सुरू झालं, आणि असं झालं की बायका हातातलं सोडून बघायला लागल्या. चार-पाच दिवसांनी पुढच्या व्यापाऱ्याची तक्रार आली की मध्यम म्हणून पाठवलेला माल बारीक निघतोय. मामांचा निष्कर्ष तयार होता, "कंटाळला बघा." मुळीच कंटाळला नव्हता. ऐन उन्हाळ्यात ताटलीतली लिंबं सुकून आकसली होती, सालीवर सुरकुत्या आल्या होत्या, आणि तो रोज त्या आकसलेल्या लिंबाशी इमानदारीने जुळवून माल काढत होता! चूक शोधायला गेलेल्या शेठना चुकीत अचूकपणा सापडला. त्यांनी सुताराकडून प्लायवूडच्या फळीला दोन भोकं पाडून घेतली. मोठ्या भोकातून न जाणारं मोठं, लहान भोकातूनही जाणारं बारीक, उरलेलं मध्यम. आता ती फळी बायकाही वापरतात.

अशा मुलांना 'कामासाठी तयार' करणारे वर्ग महिनोन्महिने चालतात. कागदी पिशव्या, पणत्या, राख्या. मला त्याबद्दल वाईट बोलायचं नाही, हाताला वळण लागतं. पण वर्गात शिकलेलं वखारीत आपोआप येईल हे यांच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही. जिथं काम करायचं तिथंच शिकवावं लागतं, आणि त्या जागेत थोडा बदल करावा लागतो. फळीला सुताराने जे घेतलं असेल ते महिन्याच्या वर्गाच्या फीपेक्षा नक्कीच कमी होतं.

मी वीसेक मिनिटं लांब उभी राहते, त्याच्याशी बोलत नाही. आज काय बदललंय ते बघायचं असतं. नवा हमाल आलाय, मोबाइलवर गाणी लावतो. मी मामांना खुणावते, मामा गाणी बंद करवतात. सौद्याची ओरड सुरू झाली की आमचा गडी उठून मागच्या बाजूला रिकामी क्रेट मोजायला जातो, हे शेठशी आधीच ठरलंय. कानावर बांधकामावर घालतात तसले आवाज अडवणारे जाड मफ असतात. हमाल त्याला 'पायलट' म्हणतात. त्याला ते आवडतं, म्हणून मी काही बोलत नाही.

आठवड्याचा पगार शनिवारीच. सुट्टे नाहीत म्हणून शेठ दहा रुपये जास्त देतात, तो परत करतो. "मॅडम, असला माणूस गल्ल्यावर पाहिजे," शेठ म्हणतात. मी त्यांना हात जोडते. गल्ल्यावर गिऱ्हाईक घासाघीस करतं, दोघं एकदम बोलतात, उधारी मागतात, ओळखीचा माणूस 'राहू दे रे वरचे' म्हणतो. प्रामाणिक आहे म्हणून गल्ला, आणि पाढे पाठ आहेत म्हणून हिशेबनीस, अशी जोडी लावली की महिन्याभरात पोरगं घरी बसतं. माणसाचा गुण बघून काम ठरवतात. आधी कामाच्या जागेचा गोंगाट बघावा असं माझं मत आहे.

अकरा

जिल्हा परिषदेची शाळा शनिवारी सकाळची असते. ती सुटली की एक वर्ग मला मिळतो. आज एका स्वमग्न मुलाचे आईवडील आलेत, वडील साखर कारखान्यात आहेत. तालुक्यात नागवडे आणि कुकडी असे दोन सहकारी कारखाने, त्यामुळे बहुतेक घरांतून कुणी ना कुणी कारखान्यावर असतंच. बसता बसताच ते विचारतात, "चार टक्के आरक्षण आहे ना मॅडम? मग सरकारीत लावून टाका की."

हे पहिल्याच भेटीत फोडून सांगावं लागतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि सरकारी नोकरीत ४ टक्के जागा. त्यातला एक-एक टक्का दृष्टी, श्रवण आणि चलनवलन या गटांना. उरलेल्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता हे सगळे. म्हणजे शंभरात एक खुर्ची आणि तिच्यापुढे पाच रांगा. शिवाय ते पद त्या प्रकारासाठी योग्य म्हणून ठरवलेलं असावं लागतं, आणि परीक्षा असतेच. वडील गप्प होतात. मी मुद्दाम घाई करत नाही. दहा वर्षं वाट बघून मग हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

पण म्हणून कागद सोडायचा नाही. मुलाचं प्रमाणपत्र बघते. लहानपणी काढलेलं, त्यावर 'मतिमंद' लिहिलंय. हे मी वारंवार बघते. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हता. वीस-पंचवीस वर्षांच्या पिढीतल्या कित्येकांना म्हणूनच मतिमंद ठरवून कागद मिळाले. कागद बदलायचा तर नगरला जिल्हा रुग्णालयात तपासणी. तिथं ऑटिझमसाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि ७० च्या खाली आलं तर ऑटिझम धरत नाहीत. आई विचारते, "त्या दिवशी नेमका शहाण्यासारखा वागला तर?" प्रश्न हसण्यासारखा नाही. मी तिला घरातलं रोजचं वागणं आठवडाभर वहीत लिहून न्यायला सांगते. डॉक्टरांपुढे पंधरा मिनिटांत जे दिसत नाही ते वहीत दिसतं. त्यानंतर युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत त्यावर मिळते, आणि रोज ये-जा करायची तर तो पगाराचाच भाग समजावा.

आता सह्यांचा विषय. अठरा पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे ऐकून दोघंही दचकतात. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्व देते. पण मुलगा सही करतो, नोटा ओळखतो, आपल्याला काय नको ते स्पष्ट सांगतो. मग इतक्यात पालकत्वाचा अर्ज कशाला? आधी त्याच्या नावाचं खातं उघडा. ज्याला झेपतं त्याच्या हातून सही काढून घ्यायची घाई मला आवडत नाही.

वडील मोबाइलवर एक बातमी दाखवतात. मला ती पाठ आहे. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये डेन्मार्कच्या स्पेशलिस्टर्न संस्थेबरोबर स्वमग्न व्यक्तींना नोकरीवर घ्यायचा कार्यक्रम सुरू केला, बंगळूरमध्येही केला. काम चांगलंच आहे. पण या बातम्यांनी प्रत्येक बापाच्या मनात बसलंय की ऑटिझम म्हणजे पोरगं संगणकात हुशार असणार. यांच्या मुलाला संगणकाचा कंटाळा आहे. त्याला नट-बोल्ट आवडतात. आकाराप्रमाणे डब्यात भरून ठेवतो, घरच्यांनी ते 'खूळ' म्हणून दोनदा फेकून दिलेत.

"कारखान्यातच लावता येईल का?" ते शेवटी विचारतात. इथं ते मला शिकवतात, मी त्यांना. दर आठवड्याला पाळी बदलते. सकाळच्या पाळीची सवय होते न होते तोवर रात्रपाळी लागते. धडधाकट माणसाची झोप उडते, तर याचं काय होईल? शिवाय भोंगा, गव्हाणीचा आवाज, मळीचा वास. पण स्टोअर वेगळं. तिथं जनरल ड्यूटी असते, प्रत्येक सुट्या भागाची जागा ठरलेली, प्रत्येक कप्प्याला बिन कार्ड, आलेला माल, गेलेला माल, शिल्लक. वडिलांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल होतो. "स्टोअरकीपर माझ्या बरोबरीचेच आहेत, विचारून बघतो." हंगामी ठेवलं तर हंगाम संपल्यावर काम थांबणार. ती तारीख पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर लिहायची, मी सांगते. अचानक थांबलेलं काम या मुलांना मोडून टाकतं.

एक वाजता डबा. मटकी आणि भाकरी, पंख्याखाली. यापेक्षा सांगण्यासारखं काही नाही.

दीड

ती वीस वर्षांची आहे. बी.ए.चं पहिलं वर्ष अर्धवट सोडलं. ऑटिझमचं निदान व्हायला सतरावं वर्ष उजाडलं, कारण मुलगी गप्प असली की आपल्याकडे तिला गुणी म्हणतात. ती दुसऱ्यांचं हसणं बघून हसते, मान डोलावते, कुणाच्या लक्षात येत नाही. घरी गेली की चार तास झोपते. एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये नळ्यांना लेबल लावायची आणि रजिस्टर लिहायची जागा आहे. अक्षर मोत्यासारखं, क्रमांक कधी चुकत नाही.

मुलाखतीची तयारी पुस्तकात असते तशी आमच्याकडे उपयोगाची नाही. श्रीगोंद्यात मुलाखत होत नाही, विचारपूस होते. "काय मग, कुणाची गं तू? घरी कोण कोण असतं?" या प्रश्नावर ती सगळ्यांची नावं, वयं आणि आजीचा रक्तदाब सांगते. आम्ही तो प्रश्न घोटतो. दोन वाक्यांत उत्तर, मग थांबायचं. ती विचारते, "थांबल्यावर ते पण थांबले तर?" तर पाणी प्यायचं. तिने वहीत लिहून घेतलं, 'बाटली न्यावी'.

खरा पेच वेगळा आहे. लॅबमध्ये सांगायचं की नाही? तिची आई हळूच म्हणते, "धाकटीचं जमवायचंय अजून. नाव नका घेऊ मॅडम." तालुक्याच्या गावात एकाला सांगितलं म्हणजे संध्याकाळी पेठेत सगळ्यांना सांगितलं. आईचं भय खोटं नाही. पण न सांगता कामावर गेलं तर उद्या काही बिनसल्यावर कायद्याने देऊ केलेली सोय मागायला तोंड राहत नाही. मी मधला मार्ग सांगते. निदानाचं नाव राहू द्या, गरज सांगा. 'हिला सूचना लिहून द्या, मागून हाक मारू नका, दुपारी दहा मिनिटं एकटीला बसू द्या.' एवढं ऐकून कुणाची सोयरीक मोडत नाही. मग तिलाच विचारलं. तिने विचार केला, बराच केला, आणि म्हणाली, "डॉक्टरांना नाव सांगा. झाडलोटवाल्या मावशींना नको." म्हणजे गाव तिला आमच्यापेक्षा चांगलं कळतं.

साडेतीन

एका मुलाच्या कामाचं बोलायला हार्डवेअरच्या एका ठोक दुकानदाराकडे. मार्गदर्शन म्हणतात ते खरं इथं करावं लागतं, गादीवर बसलेल्याला. त्यांची पहिली शंका, फिट येईल का? दुसरी, अंगावर धावून येईल का? फिटचा आजार काहींना सोबतीने असतो, या मुलाला नाही. धावून येत नाही. चौघं एकदम बोलले तर कान झाकून बाहेर जाऊन उभा राहतो, पाच मिनिटांनी आपण होऊन परत येतो, तेवढं त्याला करू द्या.

मग मी माझं म्हणणं मांडते. काम सांगणारा एकच असावा. शेठ एक सांगतात, पोरगा दुसरं, मुनीम तिसरं, हे चालणार नाही. 'जरा बघून घे' म्हणायचं नाही. काय बघायचं ते म्हणायचं. काम संपल्यावर काय करायचं तेही सांगायचं, नाहीतर तो उभाच राहील आणि तुम्हाला वाटेल कामचुकार आहे. थट्टेत 'जा, घरी जा' म्हणालात तर तो खरंच घरी जाईल.

शेठ मनाने चांगले आहेत. म्हणतात, "येऊ द्या त्याला, बसू द्या. त्याचा वेळ जाईल. पैशाचं काय एवढं." इथं मी अडते. वेळ घालवायला देऊळ आहे, पार आहे. दुकानात येणारा माणूस पगार घेणारा असावा. शिकाऊ म्हणून कमी द्या, पण किती आठवडे ते आज ठरवा, आणि तारीख लिहा. फुकट ठेवलेल्या माणसाला कुणी नीट शिकवत नाही आणि काढताना कुणी विचारही करत नाही. दयेवर लागलेली नोकरी दया आटेपर्यंतच टिकते, हे मी पाहिलेलं आहे.

त्यांना मुंबईचं उदाहरण सांगते. मानसशास्त्रज्ञ सुषमा नागरकर आणि त्यांची भाची आशैता महाजन यांच्या यश चॅरिटेबल ट्रस्टने आधी डब्यांची सेवा सुरू केली आणि २०१८ मध्ये जुहूला कॅफे अर्पण उघडला. स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ तिथं पगारावर काम करतात. सँडविच करणं हे एक काम न धरता त्याचे तुकडे पाडायचे आणि ज्याला जो तुकडा जमेल तो त्याने करायचा, असा हा विचार. शेठ ऐकून घेतात आणि म्हणतात, "ते मुंबईत." मी त्यांना लिंबाच्या वखारीचा पत्ता देते. सोमवारी जाऊन येतो म्हणालेत. आपल्या गावातल्या एका शेठचा शब्द जुहूच्या कॅफेपेक्षा इथं जास्त चालतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

पाच

एसटी स्टँड. पायलट परतीच्या गाडीसाठी थांबलाय. प्रवास हाही अभ्यासक्रमच आहे, किंबहुना अर्धा तरी. आधी आई शेजारी बसायची, मग मागच्या बाकावर, मग फक्त काष्टीच्या थांब्यावर उभी राहायची. आता घरून एकटाच निघतो. खिशात दुसरं कार्ड आहे. 'गाडी आली नाही तर चौकशीच्या खिडकीवर विचारायचं. मग आईला फोन. दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसायचं नाही.' शेवटची ओळ त्याच्या वडिलांनी घालायला लावली आणि ती फार महत्त्वाची आहे, कारण हा कुणावरही विश्वास ठेवतो.

आज गाडीला उशीर. तो दोन पावलं पुढे, दोन मागे करतो, हात झटकतो. बाकावरचे म्हातारबाबा टक लावून बघतात. मी खांबाआड आहे, पुढे होत नाही. तो खिडकीवर जातो, विचारतो, परत येतो. फोन लावतो. "आई. गाडी उशिरा. वीस मिनिटं." बाजारावरून आलेले तिघं शेळ्यांच्या भावावर तावातावाने बोलत असतात. हा मफ कानावर ओढतो. गाडी लागते, तो चढतो. कंडक्टर न मागता युडीआयडी कार्डासाठी हात पुढे करतो, रोजचा आहे.

रात्री साडेआठ

रात्रीचे फोन वेगळे असतात. सगळ्यांचं असं मार्गी लागतं असं कुणी समजू नये. एक जण टाइल्सच्या दुकानात लागला होता. कटरचा आवाज सोसेना, सोडून आला. आता घरच्या शेळ्या बघतो. त्याचे वडील ओशाळून सांगतात, "घरीच असतोय." मी विचारते, शेळी विकल्यावर पैसे कुणाच्या खात्यात जातात? माझ्या, म्हणतात. एक करडू तरी त्याच्या नावावर विका, त्याच्या खात्यात टाका. मग तो घरी बसलेला नाही, धंद्यात आहे. काहींना मात्र आयुष्यभर सोबत लागणार, आणि नोकरी हा त्यांचा प्रश्नच नाही. पुण्यात कामायनीसारख्या संस्थांच्या कार्यशाळा आहेत, पण श्रीगोंद्याहून रोज पुणं कुणाला परवडणार? त्या आईबापांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. मी ऐकते.

तालुक्यातल्या वखारवाल्यांना, रोपवाटिकावाल्यांना, मेडिकल, हार्डवेअर आणि किराणावाल्यांना एवढंच सांगायचंय. तुमच्याकडे रोज तेच आणि त्याच पद्धतीने करायचं एखादं काम असेल, बसायला जरा शांत कोपरा असेल आणि सूचना द्यायला एकच धीराचा माणूस असेल, तर गटसाधन केंद्रात निरोप ठेवा. सुरुवातीचे शनिवार मी स्वतः येऊन उभी राहीन. पगार मात्र पहिल्या आठवड्यापासून द्यावा लागेल.